मधली रिकामी जागा

पोलीस भरतीसाठी 1600 मीटर धावण्याचा सराव करणारा 23 वर्षांचा एक मुलगा वडिलांबरोबर माझ्या ओपीडीत आला. "धावून थांबलो की एक ठोका चुकतो आणि मग छातीत धक्का बसतो," एवढीच त्याची तक्रार होती. आधी एके ठिकाणी त्याला पित्ताच्या गोळ्या मिळाल्या होत्या. मी पूर्ण एक मिनिट नाडीवर बोट ठेवून बसलो. दर चार-पाच ठोक्यांनंतर बोटाखाली एक रिकामी जागा येत होती.

एक जादा ठोका वेळेआधीच पडतो आणि त्यानंतर क्षणभर थांबा येतो, तीच ही रिकामी जागा. असे जादा ठोके धडधाकट माणसांतही पडतात आणि बहुतेकदा निरुपद्रवी असतात, त्यामुळे धीर देऊन घरी पाठवण्याचा मोह मलाही झाला. मात्र ईसीजीच्या कागदावर छातीवर लावलेल्या पहिल्या तिन्ही लीडमध्ये (तारांच्या नोंदींमध्ये) टी लहर, म्हणजे ठोक्यानंतर हृदय पूर्ववत होतानाची लहर, उलटी होती. लहान मुलांत हे चालते, वयाच्या 14 वर्षांनंतर सहसा नाही. शिवाय जादा ठोक्यांच्या आकारावरून ते हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यातून निघत असल्याचे दिसत होते. खोदून विचारल्यावर मुलगा म्हणाला की मागच्या महिन्यात मैदानावर त्याची शुद्ध हरपली होती. घरात कुणी तरुणपणी अचानक गेले का, असे विचारताच वडील थोडा वेळ गप्प राहिले. "माझा धाकटा भाऊ. विहिरीवर मोटार चालू करायला गेला, तिथंच पडला. सगळे म्हणाले, पान लागलं असेल, साप चावला असेल."

होल्टरमध्ये, म्हणजे अंगावर यंत्र लावून घेतलेल्या 24 तासांच्या ईसीजीमध्ये, चार हजारांवर जादा ठोके आणि वेगवान ठोक्यांच्या दोन छोट्या साखळ्या सापडल्या. या आजाराच्या निदानात 500 च्या वरचा आकडाही दखलपात्र धरतात. एमआरआयमध्ये उजवा कप्पा फुगलेला आणि मंद आकुंचन पावणारा दिसला. निदान झाले एआरव्हीसीचे, म्हणजे हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्याच्या स्नायूच्या एका आजाराचे. या आनुवंशिक आजारात स्नायूपेशींना एकमेकींशी जोडणारी प्रथिने सदोष असतात. ताणाने हे सांधे सुटत जातात, मेलेल्या पेशींच्या जागी चरबी आणि व्रण येतात, आणि तिथेच विजेचा प्रवाह भरकटतो. ग्रीसच्या नॅक्सॉस बेटावर आढळलेल्या प्रकारात केस लोकरीसारखे आणि तळहात जाड असतात, म्हणून मी त्याचे तळहातही निरखून पाहिले. ते साधेच होते.

जोराचा व्यायाम या आजाराला वाढवतो. म्हणून धावणे कायमचे बंद, हे मला त्याला सांगावे लागले, आणि छातीत आयसीडी, म्हणजे धोकादायक ठोके ओळखून विजेचा झटका देणारे छोटे यंत्र, बसवण्याच्या सल्ल्यापेक्षा ते वाक्य मला जड गेले. तो खाली वाकून बुटांची नाडी सोडत आणि पुन्हा बांधत राहिला.

त्याच आठवड्यात वडील त्याच्या धाकट्या बहिणीला तपासणीसाठी घेऊन आले. ती शाळेच्या कबड्डी संघात आहे. तिचा ईसीजी नॉर्मल आला, तरी आजार पुढेही डोके वर काढू शकतो, म्हणून पुढच्या तपासणीची तारीख मी तिच्या कागदावर लिहून दिली.