ढमीची डागडुजी, पावसाळा पार्ट २ (ताडपत्रीने केलेला घोटाळा)

ढमी कोण हे माहीत नसलेल्यांसाठी दोन ओळी. फोर्स ट्रॅव्हलर व्हॅन, ३३५० मिमी व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर), सेकंडहँड घेतलेली, आमची फिरतं घर. बेड, किचन, सोलर, ८० लिटरची पाण्याची टाकी हे सगळं आधीच्या मालकाने करून घेतलेलं, आरसीवर मोटर कॅरॅव्हॅन अशी नोंद आहे, त्यामुळे हे बदल कायदेशीर आहेत का हा प्रश्न प्लीज परत नको. पुण्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंचीमुळे मावत नाही म्हणून पावसाळाभर ती मुळशीला मामांच्या अंगणात असते. मुळशीचा पाऊस काय असतो ते सांगायला नको.

तर जूनमध्ये मी एक शहाणपणा केला. गेल्या वर्षी मागच्या डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढी ओल दिसली होती, म्हणून यंदा दोन मोठ्या निळ्या ताडपत्र्या आणल्या, गाडी पूर्ण झाकली, सुतळीने आवळली आणि निवांत झाले. मामा तेव्हाच म्हणाले होते, "आगं गळतंय कुठनं ते बघायचं सोडून पांघरूण काय घालतीस तिला?" पण ऐकेल ती मी कसली.

जुलैचा तिसरा रविवार

दार उघडलं आणि वास आला, ओली गोधडी तशीच घडी करून ठेवली की येतो ना तसा कुबट. गादी उचलली तर खालून हिरवट बुरशी. कोपऱ्यातल्या प्लायवरचा डाग आता ताटाएवढा झालेला, काळाकुट्ट, आणि त्यावर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं तर भिजलेल्या पावात बोट जावं तसं आत गेलं. ताडपत्री वाऱ्याने फडफडून फडफडून सोलर पॅनेलच्या कोपऱ्यावर फाटली होती, तिथून पाणी आत शिरायचं आणि मग खालीच कोंडून बसायचं, बाहेर चार दिवस उघडीप मिळाली तरी आत सुकायचं नाव नाही.

मग लाईट लावायला गेले तर लाईट नाही. मल्टीमीटर लावला, १०.४ व्होल्ट. माहीत नसेल तर सांगते, लेड ॲसिड बॅटरी फुल असेल तर १२.७ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी संपली, आणि १०.४ म्हणजे रामनाम सत्य. हे माझंच पाप. निघताना इन्व्हर्टरचं बटण चालू राहिलं, आणि काही जोडलेलं नसलं तरी आमचा इन्व्हर्टर नुसता जागा राहायला साधारण १ ॲम्पिअर खातो, म्हणजे दिवसाला २४ ॲम्पिअर-तास, म्हणजे १५० ॲम्पिअर-तासांची बॅटरी आठवडाभरात झोपली. एरवी ढगाळ हवेतही पॅनेलने बरंचसं भरून काढलं असतं, पण पॅनेल कुठे होतं? माझ्या ताडपत्रीखाली. बॅटरी अशी रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो, मग चार्जर लावून उपयोग होत नाही. तरी दोन दिवस लावून बघितला, १२.६ दाखवायला लागली म्हणून खूश झाले, आणि एक पंखा लावल्यावर वीस मिनिटांत परत झोपली. गेली ती गेली.

आणि हो, उंदीर. टेललॅम्पची वायर कुरतडलेली. तंबाखूची पानं ठेवा म्हणून सगळे सांगतात, मी ठेवली होती, आमच्या उंदराने ती बाजूला सारून शेजारीच घर मांडलं होतं.

ऑगस्ट, गळती शोधमोहीम

इथे मी आधी मूर्खपणा केला तो सांगते म्हणजे तुम्ही करणार नाही. ओल मागच्या काचेखाली आहे म्हणजे काचेचा रबरच गेला असणार असं ठरवून टाकलं, नवीन रबर आणला, दोन रविवार घालवून बसवला. पुढच्या पावसात डाग तसाच ओला.

मग पाईप टेस्ट केली, जी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. पद्धत अशी की सुरुवात खालून करायची आणि हळूहळू वर जायचं, एका जागी दहा मिनिटं धार, तोपर्यंत दुसरीकडे थेंबही उडू द्यायचा नाही. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि कळत काहीच नाही. नवरा शिडीवर पाईप घेऊन, मी आत टॉर्च घेऊन गादी काढलेल्या बेडवर आडवी. मागची काच, काही नाही. शिडीचे बोल्ट, काही नाही. कॅरिअरचे बोल्ट, काही नाही. दीड तास झाला, वरून आवाज आला, "अगं चहा तरी मिळेल का?" मी म्हटलं सोलरची वायर टपातून आत येते ना तेवढं एक बघ आणि उतर.

चार मिनिटं काही नाही. आणि मग माझ्या डोक्याशी, मागच्या डाव्या कोपऱ्यात, टप्प.

ती वायर येते किचनच्या वर, म्हणजे थेंब पडला तिथपासून जवळपास सात फूट पुढे! किचनमध्ये एक थेंब नाही. झालं असं की मामांच्या अंगणाला उतार आहे, ढमीचं तोंड वर आणि ढुंगण खाली अशी ती उभी असते, त्यामुळे पाणी आतल्या सीलिंगच्या वरून, टपाच्या पट्टीच्या कडेकडेने मागे वाहत जायचं आणि शेवटी कोपऱ्यात पडायचं. मी तिथलाच रबर बदलत बसले होते.

ग्लँडभोवती (वायर टपातून आत येते तिथली बूच) पांढऱ्या सिलिकॉनचा डोंगर होता, ज्याने कुणी केलं त्याने ट्यूब संपवायची असं ठरवूनच केलं असावं. वरून छान दिसत होता, नखाने उचकटला तर अख्खा पापडासारखा सुटून हातात आला, आणि खाली पत्रा सडलेला, सुईने टोचल्यासारखी तीन भोकं. हे नीट वाचा: सुकताना ज्याला व्हिनेगरचा वास येतो ते स्वस्तातलं सिलिकॉन पत्र्याला लावायचंच नाही. तो वास ॲसेटिक ॲसिडचा असतो, आणि त्यानेच पत्र्याला गंज धरतो. बाथरूमच्या टाइल्सना ठीक आहे, गाडीला नाही. माझी खात्री आहे की आमच्याकडे गंज बाहेरून नाही, त्या सिलिकॉनच्या खालूनच सुरू झाला.

दुरुस्ती सांगायला चार ओळी, करायला तीन दिवस. जुनं सिलिकॉन ब्लेडने कण न् कण काढलं (थिनरने जात नाही, आणि थोडं जरी राहिलं तरी त्यावर नवीन काही चिकटत नाही), वायर ब्रश मारून पत्रा चकाकेपर्यंत घासला, रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज निष्क्रिय करणारं द्रव्य), त्यावर प्रायमर दोन हात. भोकांवर ॲल्युमिनियमची पट्टी, मध्ये ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी), नवीन ग्लँड, कडेने पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. पीयू हवेतल्या दमटपणावरच पिकतं त्यामुळे मुळशीच्या हवेत ते झकास सुकलं, फक्त लावताना पत्रा कोरडा पाहिजे, त्यासाठी मामींचा हेअर ड्रायर पळवला. कोपऱ्यातला सडका प्लाय कापून ७१० ग्रेडचा मरीन प्लाय टाकला, कापलेल्या कडांनाही रंग दिला, कारण पाणी पितात त्या कडाच.

ताडपत्री काढली ती काढलीच. खिडक्या बोटभर उघड्या, टपावरचा पंखा दिवसा चालू. पंधरा दिवसांत वास गेला.

सप्टेंबर

बॅटरी आता लिथियम, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट), १०० ॲम्पिअर-तासांची. आकडा कमी वाटतो पण लेड ॲसिड निम्म्यापर्यंतच वापरायची असते, म्हणजे १५० मधले ७५ च हातात यायचे, लिथियम मात्र जवळजवळ पूर्ण वापरता येते, त्यामुळे तोटा काही नाही. फक्त अल्टरनेटरची (इंजिनवर चालणाऱ्या जनरेटरची) वायर डायरेक्ट लावू नका, लिथियम भसाभस करंट ओढते आणि अल्टरनेटर तापतो, मध्ये करंट आटोक्यात ठेवणारा डीसी-डीसी चार्जर हवाच. एमपीपीटीचं (सोलरच्या चार्ज कंट्रोलरचं) सेटिंगही बदललं, नाहीतर तो बिचारा बॅटरी लेड ॲसिड समजूनच चार्ज करत बसतो. आणि इन्व्हर्टरसाठी दाराशेजारी मोठा लाल कट-ऑफ स्विच बसवला, उतरताना हात लागतोच.

टाकी धुतली. ५ टक्केवालं साधं ब्लीच, लिटरला १ मिली या हिशोबाने ८० मिली, सगळे नळ वास येईपर्यंत सोडले, रात्रभर ठेवलं, दोनदा खळबळून काढलं. हे करताना कळलं की नळ बंद असताना पंप मधूनच टुर्रर करतोय, म्हणजे लाईनीत कुठेतरी थेंब थेंब गळती. सिंकखालचा क्लॅम्प निघाला, पाव फेरा आवळल्यावर गप्प.

टायरवर ३२१९ लिहिलंय, म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. नक्षी नव्यासारखी पण कडेला बारीक भेगा. आपल्या कमी चालणाऱ्या कॅम्पर गाड्यांचे टायर झिजून मरत नाहीत, म्हातारे होऊन मरतात. चारही बदलतेय, खिशाचं बोलू नका.

ऑक्टोबर

खंडेनवमीला ड्रिल, पाने, मल्टीमीटर मांडून पूजा केली, दसऱ्याला ढमीला झेंडूचं तोरण. आणि दोनच दिवसांत परतीच्या पावसाने गाठलं. मी मुद्दाम तिथेच झोपले. बेडच्या कडेने, किचन ओट्यावर, सीटांवर वर्तमानपत्र अंथरून त्यावर रांगोळीची पातळ चाळण मारली, थेंब पडला तर लगेच खळगा दिसतो. रात्री टपावर नुसता ताशा वाजत होता. पहाटे टॉर्च घेऊन बघितलं, मागचा कोपरा कोरडा ठणठणीत. पण किचन ओट्यावर एक खळगा! पोटात गोळाच आला. ग्लँड चाचपली, कोरडी. मग लक्षात आलं की रात्री तिथेच चहा उकळला होता, खिडक्या बंद, वाफ वरच्या उघड्या पत्र्यावर जमली आणि खाली टपकली. तेवढ्या भागात इन्सुलेशन करायचं राहिलंय, ते पुढच्या यादीत.

दिवाळीत राधानगरीवरून फोंडा घाट उतरून मालवणला जायचंय. त्याआधी ब्रेक ऑइल बदलायचं आहे, दोन वर्षं झाली, त्यात पाणी मुरलेलं असणार आणि घाटात तापलं की पेडल थेट खाली जाऊ शकतं. मेस्त्री शनिवारी येतो म्हणालाय. येतो का बघू.