गिंझा कोपरा, नोंद ७: भिंत अखेर भुगा होऊन पडली

१९५४ च्या ‘गोजिरा’ (गॉडझिला) चित्रपटातला टोकियोच्या गिंझा भागाचा कोपरा मी छोट्या प्रतिकृतीत उभा करून पाडतोय. शॉट मिळाला. सेकंदाला १२० फ्रेम्सवर घेतला, २४ वर चालवला, आणि १ मीटर उंचीची दर्शनी भिंत दोन सेकंदांहून जास्त वेळ ढासळत राहिली. पहिल्या दोन पाडापाडीत हीच भिंत, दार बिजागरीतून निखळावं तशी, सबंधच्या सबंध आडवी होत होती. कॅमेऱ्याचा वेग कधीच चुकला नव्हता. छोटी प्रतिकृती खऱ्या इमारतीपेक्षा लवकर पडते, म्हणून वेग स्केलच्या वर्गमुळाने वाढवायचा; १/२५ स्केल म्हणजे २५ चं वर्गमूळ ५, म्हणून २४ गुणिले ५, हे गणित पहिल्या नोंदीपासून पक्कं आहे. चुकत होता तो माल.

मूळ ‘गोजिरा’साठी स्पेशल इफेक्ट्स करणाऱ्या त्सुबुराया एइजींच्या गटाने इमारतींचे सांगाडे पातळ लाकडी फळ्यांचे केले, त्यांवर प्लास्टर आणि पांढऱ्या खडूचं मिश्रण चढवलं, आणि ज्या इमारती कोसळायच्या होत्या त्यांतल्या काहींना आधीच बारीक भेगा पाडून ठेवल्या. हे सगळ्यांना माहीत आहे. प्रमाण मात्र ज्याचं त्याने शोधायचं.

नुसतं पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस), १ किलोला ६५० मिली पाणी, ६ मिमी जाडी: हा माल फार चिवट. तुकडे दोन-तीनच होतात, तेही तळहाताएवढे. म्हणून खडू घातला, आणि तिथेच सगळ्यात मोठा घोळ झाला. ‘चॉक पावडर’ म्हणून मिळालेली पिशवी पीओपीत अर्धी-अर्धी मिसळली, तर मिश्रण साच्यात ओतण्याआधी बादलीतच दगड. चार मिनिटंसुद्धा मिळाली नाहीत. पाणी गार घेतलं, वाढवलं, तरी तेच.

कारण सापडलं तेव्हा सोपं निघालं. शाळेतले खडू बरेचदा खडूचे नसतात, जिप्समचे असतात. जिप्सम म्हणजे घट्ट झालेलं पीओपीच. त्याची भुकटी ताज्या मिश्रणात पडली की तिचे कण विरजणासारखं काम करतात: प्रत्येक कणाभोवती नवे स्फटिक धरतात आणि सगळं झटक्यात आवळतं. ओळखायची खूण एकच. चिमूटभर पावडरीवर व्हिनेगरचा थेंब टाका. फसफसलं तर कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खरा खडू. थेंब नुसता जिरला तर जिप्सम, परत करा. रंगाच्या दुकानात लांबी (पुट्टी) बनवण्यासाठी जी व्हाइटिंग मिळते ती फसफसली, आणि स्टेशनरीवाल्याच्या पावडरीपेक्षा स्वस्तही पडली. याच कारणासाठी बादलीही प्रत्येक घाण्यानंतर खरवडून धुवा. कडेला चिकटलेला जुना पापुद्राही विरजणच.

खऱ्या खडूने १:१ केलं तर पॅनेल साच्यातून निघतानाच कोपरे झडतात. वजनाने २ भाग पीओपी, १ भाग व्हाइटिंग, आणि १ किलो कोरड्या मालाला ७५० मिली पाणी इथे जमलं. जाडी ४ मिमी. साच्याची उघडी बाजू म्हणजे पॅनेलची आतली बाजू. माल घट्ट पण ओला असताना तिच्यावर हॅक्सॉ ब्लेडने २ मिमी खोल खाचा, ३ सेंमीच्या चौकटीत. ओळी विटांच्या सांध्यांसारख्या एकाआड एक सरकवायच्या, नाहीतर भिंत सरळ रेषेत फाटते. खाच आतूनच हवी, कारण बाहेरून धक्का बसला की आतली बाजू ताणली जाते, आणि प्लास्टर दाबाला पक्कं असलं तरी ताणाला कच्चं. ३ सेंमीचा तुकडा पडद्यावर पाऊण मीटरचा ढेकूळ होतो. डोळ्याला तेच पटतं.

वाळवण काट्यावर तपासा, बोटाने नाही. ३० × १२ सेंमीचं पॅनेल, म्हणजे तीन मीटरचा एक मजला, ओलं असताना सुमारे २२५ ग्रॅम भरतं आणि पूर्ण सुकल्यावर सुमारे १४५. लागोपाठ दोन दिवस वजन हललं नाही की झालं. पावसाळ्यात आठवडा सहज जातो. घाई म्हणून हीटर लावलात तर ४५ अंशांच्या वर नेऊ नका. त्यापुढे जिप्सममधलं बांधलेलं पाणीच सुटायला लागतं आणि कडा पिठूळ होतात.

एवढं करूनही तिसऱ्या पाडापाडीत तुकडे लोंबकळले. दोष रंगाचा. प्लास्टिक इमल्शनचा एकच हात दिला होता, पण त्याची कातडी धरते आणि फुटलेले तुकडे तिला लटकून राहतात. आता रंग मिश्रणातच: काळा ऑक्साइड, कोरड्या मालाच्या साधारण १ टक्का. मूळ चित्रपट कृष्णधवल, त्यामुळे करड्याच्या दोन-तीन छटा पुरतात. वरून हवीच असेल तर चुन्याची पातळ निवळी.

धुळीसाठी प्रत्येक मजल्यावर चाळलेली मुलतानी माती, दोन-दोन मुठी. चित्रीकरणात ती फार वर्षांपासून वापरतात आणि किराणा दुकानात मिळते. ढग असा सुंदर उठतो की तो तुकडा पुन्हापुन्हा बघावासा वाटतो! मास्क मात्र सगळ्यांनी लावायचा.

प्रकाशाचं थोडक्यात: १२० फ्रेम्सला पाचपट उजेड लागतो, आणि घरगुती एलईडी ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डीसीवर चालणारी पॅनेलंच घ्या.

पीओपी सीलबंद घ्या. उघड्या पोत्यातलं दमट होऊन मरतं. गणपतीच्या आधीचे महिने सगळ्यात चांगले, मूर्तिकारांना माल पुरवणाऱ्या दुकानांत पोती पडून राहत नाहीत.

पुढचा बेत घड्याळाच्या मनोऱ्याचा होता, त्याच साच्यात. पण खाचांचं वर लिहिताना लक्षात आलं की तिथे सूटचा, म्हणजे गोजिराचा पोशाख घातलेल्या नटाचा, हात मनोरा बाहेर ओढणार आहे, ढकलणार नाही. म्हणजे ताण बाहेरच्या बाजूला, आणि आतल्या खाचा तिथे निरुपयोगी. खाचा बाहेर घ्यायच्या तर त्या दगडी सांध्यांच्या रेषांतच लपवाव्या लागतील. त्यासाठी साचा नवा, सांधे १ मिमीऐवजी २ मिमी खोल. जपानी संसदेची इमारतही आता मूळ गटासारखी १/३३ मध्येच करायची. ६५ मीटर उंचीची ती वास्तू १/२५ मध्ये २.६ मीटर होते आणि २ मीटरच्या सूटच्या डोक्यावरून जाते.

विजेचे मनोरे त्यानंतर. मूळचे पांढऱ्या मेणाचे होते, गरम हवा आणि दिव्यांच्या उष्णतेने वितळवलेले. पहिल्या चाचणीत साध्या मेणबत्तीचं मेण वाकायच्या आधीच ठिबकलं. आडव्या पट्ट्या जाड आणि पाय बारीक ठेवून पुन्हा ओततोय. तोवर घड्याळाच्या मनोऱ्याच्या साच्याचं सिलिकॉन धरेल.