प्रजाती मोजल्या, पण कोण कोणाला खातो?

मुंबईच्या किनाऱ्यावर एखादा प्रकल्प यायचा झाला की त्याच्या पर्यावरण अहवालात प्रजातींची यादी हमखास असते: मासे इतके, पक्षी इतके, कांदळवनाच्या जाती इतक्या. मात्र यांतील कोण कोणाला खातो आणि किती खातो, याचा उल्लेख क्वचितच सापडतो, आणि ही उणीव मला गंभीर वाटते. भराव, तेलगळती किंवा बेसुमार मासेमारी यांचा आघात झाल्यावर परिसंस्था सावरेल की कोलमडेल, हे यादीच्या लांबीपेक्षा या नात्यांच्या रचनेवर अधिक अवलंबून असते.

प्रजाती जितक्या जास्त तितकी स्थिरता जास्त, असा समज पूर्वी रूढ होता. शास्त्रज्ञ रॉबर्ट मे यांनी १९७२ मध्ये गणिताने दाखवून दिले की प्रजाती आणि त्यांच्यातील संबंध कसेही, यदृच्छेने जोडले, तर गुंतागुंत वाढल्यावर व्यवस्था उलट अस्थिर होते. तरीही शेकडो प्रजाती असलेल्या परिसंस्था टिकून आहेत, कारण निसर्गातील अन्नजाळे, म्हणजे कोण कोणाला खातो या नात्यांचे जाळे, यदृच्छेने विणलेले नसते. मॅकॅन, हेस्टिंग्ज आणि हक्सेल या संशोधकांनी १९९८ मध्ये त्यामागचे एक महत्त्वाचे कारण मांडले: थोड्या प्रबळ नात्यांभोवती (जिथे एकाचा दुसऱ्यावर मोठा परिणाम होतो) अनेक दुबळी नाती असतात आणि ती भक्षक व भक्ष्य यांच्या संख्येतील तीव्र चढउतार आवरून धरतात.

याचे उदाहरण आपल्या स्वयंपाकघरातच मिळते. वर्सोव्याहून आणलेले ताजे बोंबील साफ करताना पोटात बहुधा गुलाबीसर जवळा निघतो, कधी एखादा लहान मासा, तर कधी चक्क बोंबलाचेच पिल्लू. जवळा कमी झाला की असा भक्षक दुसऱ्या भक्ष्याकडे, प्रसंगी स्वतःच्याच पिलांकडे वळू शकतो. त्यामुळे जवळ्यावरचा ताण हलका होतो आणि त्याला पुन्हा वाढायला अवधी मिळतो. पण याच जवळ्यावर इतर अनेक मासेही पोसतात, आणि जिथे इतके धागे एकवटतात तिथला घाव सर्वांत खोल जातो. डन, विल्यम्स आणि मार्टिनेझ या संशोधकांनी २००२ मध्ये १६ अन्नजाळ्यांचा अभ्यास करून हेच दाखवले: कोणत्याही प्रजाती यदृच्छेने वगळल्या तर जाळे बराच काळ तग धरते, परंतु सर्वाधिक संबंध असलेल्या प्रजाती आधी वगळल्या तर त्यांच्यामागून इतरही वेगाने नष्ट होत जातात. जिथे एकूण नात्यांचे प्रमाण अधिक, तिथे सहनशक्तीही अधिक आढळली.

अर्थात केवळ धाग्यांची संख्या पाहूनही भागत नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील खडकाळ किनाऱ्यावर परिसंस्थांचे अभ्यासक रॉबर्ट पेन यांनी एका पट्ट्यातून तारामासे सातत्याने काढून टाकले. त्यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार तिथल्या १५ प्रजातींपैकी ८ च उरल्या, कारण तारामाशाच्या धाकात असलेल्या शिंपल्यांनी खडकावरची जागा बळकावली. एका भक्षकाचे नाते किती प्रबळ आहे, हे तो नाहीसा होईपर्यंत यादीत दिसलेच नसते.

ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन सांडलेले तेल कांदळवनांपर्यंत पोहोचले होते. अशा वेळी किती झाडे काळवंडली हे पाहता येते, पण चिखलातले खेकडे आणि किडे घटल्यावर त्यांच्यावर जगणाऱ्या माशांना आणि पक्ष्यांना दुसरे खाद्य कोणते, हे आघातापूर्वीच्या नोंदी नसतील तर सांगता येत नाही.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. हा नियम आवश्यकच आहे, परंतु तो दिनदर्शिका पाहतो, नाती पाहत नाही. डोल जाळ्यात (प्रवाहात रोवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात) जवळ्यासोबत कोणकोणत्या माशांची पिल्ले येतात आणि कोणत्या माशाच्या पोटात काय निघते, हे रोज मासळी निवडणाऱ्या आणि साफ करणाऱ्या कोळणींना ठाऊक असते. प्रत्येक बंदरावर त्यांना मानधन देऊन ही माहिती हंगामानुसार नोंदवून घ्यावी आणि ती प्रत्येक किनारी प्रकल्पाच्या अहवालात प्रजातींच्या यादीशेजारी सक्तीने जोडावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.