शाळेचा पाया आणि दगडांचं रिंगण

आमच्या जिल्हा परिषद शाळेची जुनी इमारत निर्लेखित, म्हणजे वापरास अयोग्य म्हणून रद्द झाली, तेव्हाच नव्या खोल्या गावाबाहेरच्या ई-क्लासवर, म्हणजे सरकारी गायरानावर बांधायच्या, असं ग्रामसभेत ठरलं होतं. जागा मोकळी, रस्त्याला लागून, कुणाचा वाद नाही. एका कोपऱ्यात मोठाल्या काळ्या दगडांचं रिंगण होतं. त्यावर बसून मी पोरांचे क्रिकेटचे सामने कितीदा पाहिलेत. नागपूरजवळच्या जुनापाणीला, जिथं असली शिळावर्तुळं, म्हणजे लोहयुगातल्या माणसांच्या दफनांभोवती रचलेली दगडांची रिंगणं शेकड्यांनी आहेत, सहलही मीच नेली होती. तरी आपल्या गावचा दगड तो दगडच वाटतो.

काळ्या मातीत पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो. नाहीतर उन्हाळ्यात जमीन भेगाळते आणि भिंती तडकतात. जुन्या शाळेचं तेच झालं होतं. म्हणून ठेकेदाराने आधी जेसीबीने दोन खड्डे मारले. दुसऱ्यातून खापरं निघाली आणि बोटभर लांबीचं गंजलेलं लोखंड, एका टोकाला चपटं.

"बुजवून टाकू सर, काहून लफड्यात पडता?" ठेकेदार म्हणाला. खरं सांगतो, मलाही क्षणभर तेच वाटलं. निधी परत गेला असता तर गावाने मलाच धरलं असतं. पण तलाठी भाऊंनी १८७८ च्या निखात निधी कायद्याची आठवण करून दिली. जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. गंजक्या लोखंडाची किंमत कोण ठरवणार? मी अर्ज लिहिला.

पुढचे काही महिने लिहिण्यासारखे नाहीत. एका कार्यालयातून माझाच अर्ज मला 'माहितीस्तव' परत आला. वर्ग हनुमान मंदिराच्या सभामंडपात भरत होते. गावात अफवा उठली की आता शंभर मीटरपर्यंत कुणाला संडासही बांधता येणार नाही. तो नियम संरक्षित स्मारकांना लागतो: १०० मीटर पूर्ण बंदी, त्यापुढचे २०० मीटर परवानगीने. आमचं रिंगण कुठल्याच यादीत नव्हतं. हे पाहणीला आलेल्या, विद्यापीठात पुरातत्त्व शिकवणाऱ्या मॅडमनी चावडीवर बसून सांगितलं, तेव्हा कुठं लोक शांत झाले.

उत्खननाची परवानगी दिल्लीहून आली आणि हिवाळ्यात मॅडमसोबत विद्यापीठाची चमू उतरली. रिंगणाला त्यांनी हात लावला नाही. जिथं पाया येणार होता तिथंच खुंट्या, सुतळी आणि दोन-दोन मीटरचे चाचणी खड्डे. माती थापीने खरवडून काढायची, घमेल्यातून चाळणीवर न्यायची. सातवीची पोरं चाळणीपाशीच मुक्कामाला. खड्ड्याच्या भिंतीवर मॅडम पाणी शिंपडायच्या की थरांचे रंग उठून दिसत: वर काळी, मग राखट, खाली पिवळसर. त्या राखट पट्ट्यातच सगळी खापरं होती, बाहेरून तांबडी आणि आतून काळी कुळकुळीत.

ती बघायला आमच्याकडचे म्हातारे कुंभारकाका आले. एक तुकडा उलटासुलटा करून म्हणाले, "गुरुजी, आव्यात उपडं ठेवलं असन. आत हवा नाही लागली." मॅडम वहीत लिहिता लिहिता थांबल्या. अशी काळी-तांबडी भांडी उपडी ठेवूनच भाजत, असं त्यांनीही सांगितलं. रिंगणं बांधणाऱ्या लोकांची भांडी, म्हणजे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची. नागपूर जिल्ह्यातल्या माहूरझरीला घोड्याचे तांब्याचे दागिने आणि नायकुंडला लोखंड वितळवायची भट्टी सापडली, ती याच लोकांची. आमच्याकडे असलं काही निघालं नाही. सरपंच थोडे हिरमुसले. त्यांनी पत्रकार बोलावून ठेवला होता.

पश्चिमेकडच्या खड्ड्यांत वस्तीच्या खुणा, पूर्वेकडचे खड्डे मुरमापर्यंत कोरे. अहवाल आला, शाळेचा नकाशा तीस मीटर पूर्वेला सरकला. त्यासाठी अभियंत्याच्या चार चकरा आणि ग्रामसभेचा नवा ठराव लागला. सध्या जोत्यापर्यंत काम आलंय.

खड्डे बुजवताना मॅडमनी तळाला प्लॅस्टिक अंथरलं आणि मला म्हणाल्या, "सर, एखादं नवं नाणं आहे का?" पुढे कुणी खणलं तर आपण इथवर खणलं होतं, हे त्याला कळावं म्हणून. खिशात पाच रुपयांचं होतं, टाकलं. चौथीतल्या एका पोरीने ते कुठं पडलं ते नीट बघून ठेवलंय, एवढीच काय ती काळजी.