तुम्ही विचारलंत म्हणून: मी ‘आयएनजी’ का खोडते

दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच. ‘मॅडम, तुम्ही स्वतः ‘येऊन राहिली, जाऊन राहिली’ म्हणता, मग आमच्या ‘आय ॲम नोइंग’मधलं ‘आयएनजी’ लाल पेनाने काहून खोडता?’

खोडते, कारण तुमचे इंग्रजी अर्ज-निबंध तपासायचेच पैसे घेते. तुमचा अर्ज वाचणारा काही नागपूरच्या बर्डीच्या चौकात उभा नसतो. त्याच्या इंग्रजीत नो, अंडरस्टँड, बिलाँग ही क्रियापदं स्थिती सांगतात, त्यांना सहसा आयएनजी लागत नाही. हॅव तर दोन्हीकडचं: जेवत असाल तर ‘आय ॲम हॅविंग लंच’, पण दोन भाऊ असतील तर ‘आय हॅव टू ब्रदर्स’. भाऊ असणं ही काही चालू क्रिया नव्हे. ए आणि द चुकले तर मला राग येत नाही, मराठीत आर्टिकलच नाही. आयएनजी मात्र आपण नागपूरकर जरा जास्तच लावतो, असा माझा संशय आहे. आपल्याला सगळंच चालू दिसून राहतं.

एक मुलगा शिष्यवृत्तीचा निबंध घेऊन आला होता. सोबत वडील, कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या पेट्या उचलणारे. चपला दाराबाहेर काढून खुर्चीच्या टोकावर बसले. निबंधात वाक्य होतं, ‘माय फादर इज नॉट अंडरस्टँडिंग माय ड्रीम.’ मी सवयीने ‘डझ नॉट अंडरस्टँड’ केलं.

‘काय बदलवलं बाईनं?’ वडिलांनी विचारलं. पोराने तिथल्या तिथे मराठी करून सांगितलं, ‘माझ्या बाबांना माझं स्वप्न समजत नाही.’

ते काही बोलले नाहीत. पोरगाच म्हणाला, ‘मॅडम, मी ‘समजत नाही’ असं नव्हतं लिहिलं. ‘समजून नाही राहिलं’ असं लिहिलं होतं. म्हणजे आत्ता. उद्या समजेल ना.’

मी त्याला स्टेटिव्ह व्हर्ब, म्हणजे स्थिती सांगणारं क्रियापद, शिकवलं. चांगली दहा मिनिटं. वडील भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते.

नियम बरोबरच होता, आजही तोच सांगीन. पण शेवटी एक ‘येट’, म्हणजे ‘अजून’, पुरला असता. ‘डझ नॉट अंडरस्टँड माय ड्रीम येट.’ व्याकरण राहिलं असतं आणि त्याचा ‘उद्या’ही. हे मला सुचलं रात्री, भांडी घासताना. तेव्हाच्या मला म्हणावंसं वाटतं, बाई, दहा मिनिटं शिकवलंस, त्याला म्हणायचं काय आहे ते एक मिनिट का नाही विचारलंस? ती म्हणते, दोनशे रुपयांत व्याकरण होतं, लोकांची घरं नाही सांभाळता येत. आणि तिचंही अगदीच चूक नाही. मी अजून खोडतेच. कधी आधी विचारते, कधी नाही. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी ‘येट’ सांगायला फोन केला. अर्ज रात्रीच पाठवून झाला होता.

‘राहू द्या मॅडम,’ पोरगा म्हणाला, ‘बाबांना कुठं इंग्रजी येते.’