फौजेत राहून ‘ओपन’मधून घेतलेली डिग्री: कंपनीचा एचआर नक्की काय तपासतो

पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून घरी आलेला जवान साधारण छत्तीस-सदतीसचा असतो. पेन्शन सुरू झालेली असते, मुलं शाळेत असतात आणि पुढची वीस वर्षं काम करायची ताकद अंगात असते. सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर, बुलढाणा, कुठल्याही जिल्ह्यात जा, अशी माणसं गावोगाव भेटतील. त्यांतल्या कित्येकांनी सेवेत असतानाच इग्नूमधून (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए., बी.कॉम. केलेलं असतं. अलीकडे ऑनलाइन एमबीए करणारेही वाढलेत. आणि पहिला बायोडेटा पाठवताना सगळ्यांना एकच धाकधूक असते: ओपनची डिग्री आहे, कंपनी धरेल का?

बहुतेक ठिकाणी धरते. जिथे धरत नाही, तिथे ‘ओपन’ हे कारण क्वचितच असतं. डिग्री एक सांगते, डिस्चार्ज बुक (फौज सोडताना मिळणारं सेवेच्या नोंदींचं पुस्तक) दुसरंच सांगतं आणि बायोडेट्यात तिसरंच लिहिलेलं असतं, म्हणून फाइल अडते. हे आधी नीट समजून घेतलं तर निम्मी चिंता मिटते.

कायद्याची बाजू पक्की आहे. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, ४ सप्टेंबर २०२० ला दूरशिक्षण आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांचे नियम अधिसूचित केले. त्यातल्या नियम २२ नुसार मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणाची किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या वर्गातल्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने हे पुन्हा जाहीर केलं. मात्र ‘मान्यताप्राप्त’ या शब्दाखाली दोन अटी दडलेल्या आहेत. विद्यापीठाला तो विशिष्ट अभ्यासक्रम चालवायची परवानगी तुम्ही प्रवेश घेतला त्या सत्रासाठी असायला हवी. आज यादीत नाव आहे म्हणजे तुमच्या वर्षी होतंच असं नाही. ही सत्रनिहाय यादी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर असते. आपल्या सत्राचं पान उघडायचं, प्रिंट काढायची आणि डिग्रीच्या मागे लावून ठेवायची.

दुसरी अट विषयाची. इंजिनिअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, आर्किटेक्चर, कायदा, हॉटेल मॅनेजमेंट असे विषय या पद्धतीने शिकवायला बंदी आहे. सिग्नल्स (फौजेचा संदेशवहन विभाग) किंवा ईएमईमधून (यंत्रं-वाहनं दुरुस्त करणारा विभाग) आलेल्या कुशल माणसाला ‘घरबसल्या बी.टेक.’चा मोह होतो, आणि फसवणाऱ्यांना तो बरोबर ठाऊक असतो. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये काही अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणातून दिलेल्या इंजिनिअरिंग पदव्यांवर निकाल दिला, तेव्हा हजारो नोकरदारांची पंचाईत झाली होती. त्यामुळे मोठ्या कंपन्यांचे तपासनीस हा प्रकार चटकन ओळखतात.

हद्दीचंही बघा. राज्य विद्यापीठाला किंवा खासगी विद्यापीठाला दूरशिक्षणाची केंद्रं आपल्या राज्याबाहेर चालवता येत नाहीत. ऑनलाइन अभ्यासक्रमाला ही हद्द नाही. इग्नूची केंद्रं देशभर आहेत. म्हणजे परराज्यातल्या खासगी विद्यापीठाची दूरशिक्षण पदवी पुण्यातल्या एका गाळ्यातल्या ‘स्टडी सेंटर’मधून घेतली असेल, तर तो कागद चांगल्या कंपनीत टिकण्याची शक्यता कमी.

आता एक गल्लत, जी फौजेतून आलेल्यांकडूनच सर्वांत जास्त होते. पंधरा वर्षं सेवा झालेल्या मॅट्रिक जवानाला रेकॉर्ड ऑफिसकडून (जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारं फौजेचं कार्यालय) मिळतं ते ‘ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट’ ही डिग्री नाही. केंद्र सरकारच्या गट क मधल्या ज्या पदांना पदवी लागते, पण तांत्रिक किंवा व्यावसायिक अनुभवाची अट नसते, अशा पदांसाठी ती सवलत आहे. बँकांच्या क्लार्क भरतीतही पंधरा वर्षं सेवा झालेल्या मॅट्रिक माजी सैनिकाला आर्मी स्पेशल सर्टिफिकेट ऑफ एज्युकेशन या फौजेतल्याच शिक्षणाच्या प्रमाणपत्राच्या आधारे अर्ज करता येतो. पण बँकेच्या पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) परीक्षेला खरी पदवीच लागते, आणि खासगी कंपनीला ही सवलत पाळण्याचं बंधन नाही. बायोडेट्यात ‘ग्रॅज्युएट’ लिहून सोबत हा कागद जोडला की एचआरच्या नजरेत ती दिशाभूल ठरते, माणसाचा हेतू कितीही साफ असला तरी. सरकारी भरतीसाठी तो कागद जपून ठेवा. खासगी नोकरीसाठी मुक्त विद्यापीठातून तीन वर्षं काढून घेतलेली बी.ए. त्याच्यापेक्षा कितीतरी जड आहे.

पडताळणी कशी होते ते सांगतो. ऑफर देण्याआधी किंवा रुजू झाल्यावर कंपनी बाहेरच्या एजन्सीला कागद देते. एजन्सी विद्यापीठाकडे नोंदणी क्रमांक पाठवून विचारते: हा विद्यार्थी तुमचा का, प्रवेश कधी, उत्तीर्ण कधी, पद्धत कोणती. मग ती वर्षं नोकरीच्या वर्षांशेजारी ठेवली जातात. इथे फौजी माणसासाठी एक गोष्ट नागरी उमेदवारापेक्षा अगदी उलटी आहे. लेहला किंवा तवांगला पोस्टिंग असताना त्याच तीन वर्षांत एखाद्या कॉलेजची ‘रेग्युलर’ पदवी दिसली, तर तपासणारा थबकतोच, कारण पंचाहत्तर टक्के हजेरी कुणी भरली, हा प्रश्न उभा राहतो. त्याच जागी ‘दूरशिक्षण’ लिहिलेलं असेल तर प्रश्नच उरत नाही. सैनिकाच्या बाबतीत तो शब्द डिग्री खरी असल्याचा पुरावाच आहे. म्हणून तो लपवू नका. यूजीसीच्या नियमांनुसार शिक्षणाची पद्धत आणि प्रवेशाची तारीख पदवीच्या कागदांवर येतेच. बायोडेट्यातून ती गाळली तर लबाडी तेवढी तुमच्या नावावर लागते.

बायोडेट्यात ओळ अशी असावी: ‘बी.ए. इतिहास, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, नाशिक, दूरशिक्षण, २०१५ ते २०१८, लष्करी सेवेत असताना पूर्ण.’ शेवटचे चार शब्द महत्त्वाचे आहेत. रात्रपाळ्या, गस्त आणि बदल्या सांभाळून तीन वर्षं अभ्यास रेटला, हे मुलाखत घेणाऱ्याला त्यातून कळतं, आणि पुढचा प्रश्न बहुधा त्यावरच येतो: परीक्षा कुठे दिली, रजा कशी मिळाली? ज्याने खरंच अभ्यास केलाय त्याला याचं उत्तर पाठ करावं लागत नाही.

डिस्चार्ज बुकमधली शिक्षणाची नोंद ही सगळ्यांत दुर्लक्षित जागा. सेवेत डिग्री मिळाली की ती युनिटच्या ऑफिसमध्ये दाखवून पार्ट टू ऑर्डर (नोंद बदलण्याचा युनिटचा लेखी आदेश) काढून घ्यावी लागते, तेव्हा ती रेकॉर्डला चढते. पुष्कळ जण हे करत नाहीत. कधी परवानगी न घेता प्रवेश घेतलेला असतो म्हणून, कधी ‘नंतर बघू’ म्हणून. मग डिस्चार्ज बुकात ‘बारावी’ आणि हातात बी.ए. अशी विसंगती राहते. सेवेत असाल तर आजच क्लार्कला गाठा. बाहेर पडला असाल तर रेकॉर्ड ऑफिसला पदवीची प्रत जोडून अर्ज करा, आणि उत्तर येईपर्यंत कंपनीला ही तफावत स्वतःहून कळवा. तपासात सापडण्यापेक्षा आधी सांगितलेली तफावत नेहमी सोपी जाते.

नावाचंही तसंच. आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. फौजेच्या कागदात कधी वडिलांचं नाव गळतं, कधी आडनाव शेवटी जातं, कधी इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे होतं. संगणकाला ही दोन वेगळी माणसं वाटतात. क्रम बदलला असेल तर प्रतिज्ञापत्रावर बहुतेक ठिकाणी भागतं; नावच वेगळं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या.

इग्नूवाल्यांनी ग्रेड कार्ड उघडून बघावं. साधारणपणे सत्रांत परीक्षेला ७० टक्के आणि स्वाध्यायाला ३० टक्के वजन असतं, आणि दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. पोस्टिंगवरून पोस्टाने पाठवलेला एखादा स्वाध्याय केंद्रावर नोंदवायचा राहून गेला, तर परीक्षेत चांगले गुण असूनही त्या विषयापुढे ‘नॉट कम्प्लिटेड’ दिसतं आणि डिग्री निघत नाही. स्वाध्याय जमा केल्याची पोच सांभाळा. पदवीदान समारंभ होईपर्यंत प्रोव्हिजनल सर्टिफिकेट आणि ट्रान्स्क्रिप्टवर (विषयवार गुणांचा अधिकृत उतारा) काम चालतं. डिजिलॉकरमध्ये पदवी आली असेल तर तीच द्या, पडताळणी लवकर उरकते.

काही दारं मात्र बंद आहेत. आयटी कंपन्यांच्या फ्रेशर भरतीत ‘फुल टाइम’ अशी अट सर्रास असते, आणि अनुभवी जागांच्या जाहिरातीतही ‘पंधरा वर्षांचं पूर्णवेळ शिक्षण’ असं छापलेलं दिसतं. यूजीसीची समकक्षता असली तरी खासगी कंपनी आपली पात्रता स्वतः ठरवते. अशा जाहिरातीला अर्ज करण्याआधी एचआरला दोन ओळींचा ईमेल टाका: पदवी सेवेत असताना दूरशिक्षणातून घेतली आहे, चालेल का? होकार आला तर तो ईमेल जपा. फॉर्ममध्ये ‘फुल टाइम’वर खूण मात्र करू नका, पुढे नोकरी गेलीच तर त्या एका खुणेपायी जाते.

सुरक्षा, फॅसिलिटी, गोदाम, वाहतूक, प्रशासन या क्षेत्रांत चित्र वेगळं आहे. गार्ड आणि सुपरवायझरच्या पातळीवर डिग्री कुणी विचारत नाही. खासगी सुरक्षा संस्थांच्या २००५ च्या कायद्याखालच्या केंद्राच्या आदर्श नियमांत माजी सैनिकाला १६० तासांऐवजी ५६ तासांचंच प्रशिक्षण आहे, म्हणजे तिथे सेवाच बोलते. डिग्री लागते ती सुपरवायझरवरून सिक्युरिटी ऑफिसर किंवा मॅनेजर होताना, कारण त्या पदाच्या वर्णनात ‘ग्रॅज्युएट’ असतं आणि संगणक तिथेच चाळणी लावतो. बी.ए.चा विषय इतिहास की मराठी, याने फरक पडत नाही. फरक पडतो तो डिग्रीच्या जोडीला कामाचा एक पुरावा असण्याने: स्टोअरमध्ये होता तर इन्व्हेंटरीच्या सॉफ्टवेअरचा एखादा कोर्स, एमटीत (वाहन विभागात) होता तर किती गाड्यांचा ताफा सांभाळला तो आकडा, ईएमईत होता तर ट्रेडची नागरी समकक्षता. केवळ एमबीए लावून ‘मॅनेजर’ मागणाऱ्या बायोडेट्यापेक्षा बी.ए. आणि ‘चाळीस वाहनांची देखभाल’ हे जास्त वजनदार ठरतं. एमबीए करायचंच असेल तर दोन-तीन वर्षं नागरी नोकरी करून मग करा, असंच मी सांगेन.

आखाताकडे जाणाऱ्यांनी आधीच चौकशी करावी. तिकडे पदवी राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि दूतावास अशा टप्प्यांनी साक्षांकित करावी लागते, आणि विद्यापीठाकडून पदवी खरी असल्याचं पत्र मागतात. त्यात शिक्षणाची पद्धतही विचारली जाऊ शकते. पैसे भरण्यापूर्वी कंपनीकडून लेखी घ्या.

फौजेत चार वर्षांसाठीच भरती होणाऱ्या अग्निवीरांची गोष्ट अजून घडायची आहे. पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस प्रशिक्षणाला गेली, म्हणजे चार वर्षांच्या हिशोबाने २०२६ च्या शेवटी आणि २०२७ च्या सुरुवातीला ही मुलं बाहेर पडतात. त्यांच्यासाठी इग्नूने खास बी.ए. आखली आहे. तिचे निम्मे क्रेडिट सेवेतल्या कौशल्य प्रशिक्षणाचे आणि निम्मे अभ्यासाचे. पहिलं वर्ष झालं की सर्टिफिकेट, दुसरं झालं की डिप्लोमा, तिसरं झालं की पदवी. ही पदवी कंपन्यांना नवी आहे, नुसत्या नावावरून एचआरला काही कळणार नाही. म्हणून ट्रान्स्क्रिप्टचं ते पान बायोडेट्यासोबत जोडाच, ज्यावर कोणत्या कौशल्याला किती क्रेडिट मिळाले ते लिहिलेलं आहे. आणि नावनोंदणीसाठी युनिटमध्ये असतानाच हालचाल करा. चार वर्षं बघता बघता जातात आणि बाहेर आल्यावर मागचे कागद गोळा करायला युनिटच्या ऑफिसात आपलं ओळखीचं कुणी राहिलेलं नसतं.