गुरांच्या वाटेने फॅन्टम फॉल्सपर्यंत

शनिवार, मार्चअखेर

आज बाबांना कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळच्या नॉर्थ टेबल माउंटनवर नेलं. गाडीतून उतरताच म्हणाले, "अगं, हे तर आपल्या कासचंच पठार!" सपाट माथा, पायाखाली काळा कातळ, त्यावर जेमतेम वीतभर माती, मध्येमध्ये साचलेलं पाणी आणि नजर पोचेल तिथवर फुलं. पिवळी गोल्डफील्ड्स, निळीजांभळी ल्युपिन, केशरी पॉपी. बाबांचं लहानपण कासच्या बाजूला गुरं राखण्यात गेलं, त्यामुळे अशा जमिनीवर त्यांचं पाऊल चुकत नाही. मी दगड चुकवत चालत होते, ते गुरांनी पाडलेल्या वाटेने सरळ पुढे.

इथला कातळ लाव्हाचाच. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी तो एका प्राचीन नदीच्या खोऱ्यातून वाहत आला आणि थिजला. नंतर आजूबाजूची मऊ जमीन झिजून गेली, कठीण कातळ तेवढा टिकला. म्हणजे आज आपण ज्या उंच माथ्यावर चालतो तो एके काळी दरीचा तळ होता! बाबांनी मला हे पुन्हा सांगायला लावलं. आपला दख्खनचा कातळ याहून खूप जुना, साडेसहा कोटी वर्षांचा, हे ऐकून त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

वाटेत काळ्या गाई वासरांसह बसल्या होत्या. मी लांबून वळसा घेऊ लागले. गाय आणि वासरू यांच्या मधून जायचं नाही, हे बाबांनीच शिकवलेलं. पण त्यांना वेगळाच प्रश्न पडला होता. "जागा सरकारने राखून ठेवलीय म्हणतेस, मग गुरं कशी सोडली?"

सोडली नाहीत, मुद्दाम ठेवली आहेत. राज्याच्या वन्यजीव खात्याकडे इथली ३,३०० एकरांहून जास्त जमीन आहे आणि तिथे चराई चालू आहे. कॅलिफोर्नियाच्या कुरणांत आज दिसणारं बरंचसं गवत मूळचं इथलं नाही, भूमध्य समुद्राकडच्या प्रदेशातून युरोपीय लोकांबरोबर आलेलं. ते भराभर वाढतं, वाळलं की जमिनीवर जाड थर करतं, आणि खालच्या ठेंगण्या फुलझाडांना ऊन मिळत नाही. गाई ते गवत खातात म्हणून फुलांना जागा उरते. हंगामी तळ्यांनाही याचा फायदा होतो, कारण गवत फार माजलं तर तळी लवकर आटतात.

बाबा काही वेळ गप्प चालले. मग कासच्या कुंपणाचा विषय काढला. गर्दी आवरायला तिथे जाळी लावली होती, गुरं चरायला येईनात, गवत वाढलं, फुलं कमी झाल्याची ओरड सुरू झाली आणि शेवटी जाळी काढली. "आम्ही तेव्हाच म्हणत होतो," एवढंच बोलले. त्या वाक्याने मला आत कुठेतरी लागलं. फुलं बघायला मी कासला जात आले, फोटो काढत आले, पण ते पठार ज्यांच्या गुरांनी राखलं त्यांना कधी काही विचारलं नाही.

फॅन्टम फॉल्स हा धबधबा अचानक येतो. जमीन सपाटच चालू असते आणि एकदम समोर घळ उघडते. कड्याला कठडा नाही, बाबांचा हात धरूनच उभी राहिले. पाणी सुमारे ५० मीटर खाली पडतं, मागे कपारीत मोठी पोकळी, त्यामुळे धार खडकाला न टेकता मोकळी उतरते आणि वाऱ्याने बाजूला सरकते. फॅन्टम म्हणजे भूत, कारण हा फक्त पावसाळ्यापुरता असतो. इथला पावसाळा हिवाळ्यात. उन्हाळा लागला की झरा आटतो, पठार पिवळं पडतं.

"मग गुरं कुठे जातात?" बाबांनी लगेच विचारलं. इथल्या पशुपालकांची जुनी रीत सांगितली: उन्हाळ्यात कळप सिएरा नेवाडा पर्वतातल्या उंच कुरणांवर न्यायचे, थंडीपूर्वी खाली आणायचे. बाबांना एकदम धनगर आठवले, दिवाळीच्या सुमाराला मेंढरं घेऊन कोकणात उतरणारे. परतीच्या वाटेवर त्यांच्याच गोष्टी चालल्या होत्या, कोणाच्या शेतात मेंढरांचा वाडा, म्हणजे मुक्काम, बसायचा, लेंडीखताच्या बदल्यात धान्य कसं मिळायचं. हे सगळं मी पहिल्यांदा ऐकत होते.

सप्टेंबरात मी घरी जाणार आहे. कासला बाबांबरोबर जायचं ठरलं, आणि या वेळी वाट ते दाखवणार. फुलांच्या दिवसांत आधी नाव नोंदवावं लागतं, तेवढं माझ्याकडे.